मधला स्पीकर आणि मामीचं स्टूल

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. त्यामुळे घरात आणि नात्यात जे काही वायर लावून चालतं ते मला कळतं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलंय. वॉशिंग मशीनचं पुस्तक वाचायला मी, रक्ताचा रिपोर्ट समजावून सांगायला मी, शेजारच्या काकूंच्या फोनमधलं अक्षर मोठं करायलाही मीच. बीएस्सीला मी फिजिक्स घेतलंय. म्हणजे नेमकं काय शिकते, हे आईला अजून सांगता येत नाही. कुणी विचारलं तर ती म्हणते, "ते विजेचं आणि उजेडाचं काहीतरी असतं." मीही तिला कधी दुरुस्त केलं नाही. परीक्षेपुरतं पाठ करण्यापलीकडे ते मला तरी कितपत कळलंय, याची मला खात्री नव्हती.

त्यामुळे गेल्या वर्षी मामाचा फोन आला तेव्हा मी जरा घाबरलेच.

"पोरी, मधला स्पीकर घ्यायचाय. कुठला घ्यायचा ते तू बघ," तो म्हणाला.

"मामा, मला त्यातलं काही कळत नाही."

"मग मला कळतं? तू शिकतेस ना ते आवाजाचं?"

आम्ही भाईंदर पूर्वेला राहतो, खारी गावाच्या अलीकडे. मामा-मामी शांती नगरला. मामा सगळं आयुष्य जहाजाच्या इंजिनरूममध्ये फिटर होता. तिथे इतका आवाज असायचा, की माणसं एकमेकांशी हाताच्या खुणांनीच बोलायची. रिटायर झाल्यावर त्याने स्वतःसाठी एकच मोठी वस्तू घेतली: माझ्या छातीएवढ्या उंचीचे दोन स्पीकर. काळेभोर, चकचकीत, परदेशी. हॉलमध्ये टीव्हीच्या दोन बाजूंना ते उभे असतात. रोज सकाळी मामा मऊ फडक्याने ते पुसतो. ते फडकं वेगळं आहे आणि मामीने ते एकदा ओट्यासाठी वापरलं म्हणून घरात दोन दिवस अबोला होता.

गाणी त्या स्पीकरवर खरंच सुंदर वाजतात. पेटीवाला पट्टी बदलताना श्वास घेतो तोसुद्धा ऐकू येतो. अडचण होती ती बोलण्याची. टीव्हीवर नाटक लागलं, सिनेमा लागला, बातम्या लागल्या, की मामी स्वयंपाकघराच्या दाराशी आपल्या बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून विचारायची, "काय म्हणाला ओ?"

मामा सांगायचा. थोड्या वेळाने पुन्हा, "काय म्हणाली ती?" तिसऱ्यांदा मामा रिमोटने टीव्ही थांबवायचा आणि म्हणायचा, "अगं, तुझ्या कानांचं बघायला पाहिजे आता."

हे तो चेष्टेत म्हणायचा, पण मग चेष्टेत म्हणेनासा झाला. भाईंदरच्या एका कानाच्या डॉक्टरांची माहितीही त्याने काढून ठेवली.

मामी डॉक्टरकडे जाणं का टाळते ते मला माहीत होतं. तिची आई म्हातारपणी ठार बहिरी झाली होती. लग्नाकार्यात कोपऱ्यात बसून ती सगळ्यांकडे बघून हसायची. कोण काय बोललं, विनोद झाला की वाईट बातमी आली, काही कळत नसायचं, पण हसायची. मामीने एकदा भाकऱ्या थापताना मला सांगितलं होतं, "बाय, बहिरेपणाची नाय गं भीती वाटत. त्या हसण्याची वाटते."

शेवटी तिनेच तोडगा काढला. मामा मधला स्पीकर घ्यायचं कधीपासून म्हणतच होता. ती म्हणाली, "येऊ द्या तो. त्याच्यावरही मला ऐकू नाय आलं, तर गुपचूप येते डॉक्टरकडे. कानात मशीन बसवते."

म्हणजे मला नुसता स्पीकर निवडायचा नव्हता. मी चुकीचा निवडला असता, तर तो दोष मामीच्या कानांवर जाणार होता.

मी वाचायला लागले. कॉलेजच्या लायब्ररीत, मोबाईलवर, येता-जाता. सुरुवातीला काही कळेना. मग हळूहळू एक गोष्ट लक्षात आली आणि मला ती फार आवडली. दोनच स्पीकर असले तर पडद्यावरच्या माणसाचं बोलणं पडद्यातून आल्यासारखं वाटतं ते फक्त मधोमध बसणाऱ्याला. दोन्हींकडून सारखा आवाज सारख्याच वेळी येतो, म्हणून कान फसतो आणि मध्ये कुणीतरी बोलतंय असं समजतो. बाजूला बसलेल्याचा कान असा फसत नाही. त्याला सगळं बोलणं जवळच्या स्पीकरमधून येतंय असं वाटतं आणि ते गाण्याबिण्यात बुडून जातं. म्हणजे मधला स्पीकर मध्ये बसणाऱ्यासाठी नसतोच. तो कडेला बसणाऱ्यांसाठी असतो.

मी मामाला हे सांगितलं तेव्हा तो सोफ्यावर आपल्या जागी होता, अगदी मधोमध.

"म्हणजे तिच्या कानांना काही झालेलं नाही म्हणतेस?"

"असं मी नाही म्हणत. पण स्पीकर आल्यावर कळेल."

दुसरी गोष्ट मी वाचली होती ती अशी, की बाजूचे स्पीकर ज्या कंपनीचे, ज्या घराण्याचे, मधलाही त्याच घराण्याचा हवा. नाहीतर पडद्यावर बोलत बोलत डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या माणसाचा आवाज मध्येच बदलतो.

"चालता चालता सर्दी झाल्यासारखा," मामा म्हणाला.

"तसंच."

"मग त्याच घराण्यातला बघूया. मुलगी बघायला जातोय असं समज."

दुकान अंधेरीच्या बाजूला होतं. आत एक खोली होती, जमिनीवर गालिचा, भिंतींना जाड कापड, आणि समोर स्पीकरच स्पीकर. बसायला एकच खुर्ची, मधोमध. मामाला तिच्यात बसवलं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. विकणारा माणूस नम्र होता. मी वाचलेलंच त्याने सांगितलं, "फ्रंट जिस सिरीज का है, सेंटर भी उसी का लीजिए." मला बरं वाटलं. परीक्षेत आलेला प्रश्न पाहून वाटतं तसं.

त्याने दाखवलेला स्पीकर लांबट होता. टीव्हीखाली आडवा ठेवायचा. दोन्ही टोकांना आवाज काढणारा एकेक मोठा गोल पडदा आणि मध्ये बारीक आवाजासाठी एक छोटासा, रेशमासारख्या कापडाचा घुमट. देखणा होता.

मला एक प्रश्न पडला होता, पण विचारावा की नाही ते कळेना. निघताना मी विचारलाच. "भैया, ये सब आड़े ही क्यों होते हैं? बाकी तो सब खड़े हैं."

तो हसला. "मॅडम, टीवी के नीचे बिठाना है ना. खड़ा करोगे तो टीवी कैसे दिखेगा?"

मामा हसला, मीही हसले. उत्तर बरोबरच होतं. फक्त ते टीव्हीच्या बाजूने दिलेलं होतं, आवाजाच्या बाजूने नव्हतं, हे मला तेव्हा जाणवलं पण शब्दांत पकडता आलं नाही.

मामा जुनं गिऱ्हाईक, म्हणून दुकानदाराने स्पीकर घरी वाजवून बघायला दिला. आवडला नाही तर परत.

पुढच्या रविवारी दुपारी मी शांती नगरला गेले. मामाने टीव्हीखालच्या शोकेसच्या मधल्या कप्प्यात स्पीकर बसवून ठेवला होता. मला दाखवायचा म्हणून पुढची जाळीही काढली होती. "बघ," तो म्हणाला, "आत काय काम केलंय." वायरी जोडायला तो शोकेसच्या मागे वाकला आणि मी त्याला टॉर्च धरून उभी राहिले.

तेवढ्यात मामी देवघरातून हळद-कुंकवाचा करंडा घेऊन आली. आमच्यात नवीन वस्तू घरात आली की तिला हळद-कुंकू लावल्याशिवाय वापरत नाहीत. फ्रिजला लावलं, मिक्सरला लावलं, माझ्या कॉलेजच्या पहिल्या दिवशी माझ्या बॅगेलासुद्धा लावलं होतं. मामीने हात जोडले, अनामिका कुंकवात बुडवली आणि स्पीकरच्या बरोबर मधोमध टेकवली. चांगली दाबून.

मामा मागून वर आला तेव्हा घुमटाच्या जागी खळगा होता. लाल.

मामाचा चेहरा बघून मामीला कळलं की काहीतरी झालंय, पण काय ते कळेना.

"इथे का लावलंस?" मामाने हळू आवाजात विचारलं.

"मधोमध लावायचं असतं ना. मला कपाळ तेच वाटलं."

मामाने दुकानात फोन लावला. तिकडचा माणूस अजूनही नम्र होता. "सर, डोम दब गया है तो अब वो आपका ही है," तो म्हणाला. मी चिकटपट्टीचा तुकडा घेतला, घुमटावर अलगद चिकटवला आणि श्वास रोखून ओढला. खळगा बराचसा वर आला. एक सुरकुती राहिली, आणि कुंकू.

"मुलगी पसंत आहे की नाही ते विचारायच्या आतच लग्न लागलं," मामा म्हणाला. तो हसायचा प्रयत्न करत होता. मामी हसली नाही.

मग स्पीकर चालू केला. बातम्या लावल्या. मी मामाशेजारी सोफ्यावर होते. मला फरक लगेच कळला. निवेदिकेचं बोलणं पडद्याच्या आतून, स्वच्छ येत होतं. मला इतका आनंद झाला की मी मामीकडे वळून बघितलं. ती तिच्या स्टुलावर बसून मेथी निवडत होती. मान किंचित पुढे, भुवया जवळ. ती हसली. मी पुन्हा पडद्याकडे बघितलं. निवेदिका कुठल्याशा अपघाताची बातमी सांगत होती.

मामाच्याही लक्षात आलं. त्याने टीव्ही थांबवला. "काय सांगत होती ती?"

मामी खाली मेथीकडे बघत राहिली. "आवाज मोठा आहे ओ. पण शब्द नाय लागत."

"आता तर स्पीकर समोर आहे, अगदी मधोमध."

"हो ना. म्हणजे माझेच कान." ती उठली. "लावा शनिवारचा नंबर," ती म्हणाली आणि आत गेली. आत गॅसवर दूध होतं.

मामाने रिमोट सोफ्यावर ठेवला. आपण बरोबर ठरलो याचा त्याला आनंद झालेला नव्हता, हे मला दिसत होतं. मला तर काय करावं तेच कळेना. मेथीची जुडी अर्धी तशीच पडली होती. म्हणून मी उठून मामीच्या स्टुलावर बसले आणि निवडायला लागले. मामाने उगीचच टीव्ही पुन्हा चालू केला.

आणि मला शब्द लागेनात.

आवाज येत होता. पण कुणीतरी तोंडासमोर हात धरून बोलावं तसा. 'पाणी' की 'मागणी', 'पूल' की 'मूल', काही पक्कं होत नव्हतं. मी मान सोफ्याच्या बाजूला झुकवली. शब्द उघडले. पुन्हा सरळ बसले. शब्द मिटले. मी स्टूल हातभर सरकवलं, तिथे पुन्हा बरं ऐकू येऊ लागलं. परत जागेवर आणलं. गेलं.

"काय करतेस?" मामाने विचारलं.

"थांब जरा," मी म्हणाले. मी मामाला 'थांब' असं पहिल्यांदाच म्हणाले असेन.

कॉलेजात आम्हाला एक प्रयोग आहे. उजेड दोन बारीक फटींतून सोडायचा. समोरच्या पडद्यावर दोन पट्टे दिसायला हवेत, पण दिसतात कितीतरी, उजळ, काळा, उजळ, काळा. जिथे दोन फटींमधल्या लाटा पावलाला पाऊल मिळवून पोचतात तिथे उजेड. जिथे एक वर असताना दुसरी खाली असते तिथे त्या एकमेकींना पुसतात आणि काळोख होतो. या प्रयोगाची आकृती मी इतक्या वेळा काढली होती, की डोळे मिटूनही काढता आली असती. पण काळा पट्टा कुणाच्या बसायच्या जागेवर पडू शकतो, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

आडव्या स्पीकरला दोन टोकांना दोन पडदे होते. दोन फटी. मधोमध बसलेल्याला दोन्ही सारख्या अंतरावर. मामीच्या स्टुलावरून एक जवळ, एक लांब.

मी सोफ्यावरची उशी मामाच्या हातात दिली. "मामा, स्पीकरचं डावं टोक या उशीने झाकून धर."

"आता स्पीकरला झोपवणार?"

"धर ना."

त्याने धरली. आवाज कमी झाला. आणि शब्द लागले. निवेदिका भाज्यांच्या भावाबद्दल बोलत होती, कोथिंबीर महागली होती. अर्धा स्पीकर बंद केल्यावर बोलणं जास्त स्पष्ट झालं होतं. पुस्तकातली आकृती खरी असते, हे मला त्या दिवशी कळलं, असं म्हटलं तर माझे सर रागावतील. पण तसंच झालं.

मी मामीला हाक मारली. तिला हाताला धरून मामाच्या जागी बसवलं आणि मामाला स्टुलावर. मामा त्या स्टुलावर कधी बसला नसावा. गुडघे छातीशी आले. मी मोबाईल जोडून एका जुन्या विनोदी नाटकाचं रेकॉर्डिंग लावलं. थोडा वेळ गेला.

"काय म्हणाला तो?" मामाने विचारलं.

मामी सोफ्यावरून म्हणाली, "म्हणतोय, सासरेबुवा आले तर सांगा मी दाढी करतोय. सकाळपासून दाढीच करतोय म्हणे."

मामा तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली. "च्यायला," तो म्हणाला. "अगं, मग तू इथेच बसत जा ना, सोफ्यावर."

"आणि दूध कोण बघणार? तुमचा स्पीकर?"

ते खरं होतं. स्टुलावरून गॅस दिसतो. मामीची जागा टीव्हीसाठी ठरलेली नव्हती, दुधासाठी ठरलेली होती. ती हलणार नव्हती. मग हलायला हवं होतं ते दुसरं काहीतरी.

मी परातीत पाणी घेतलं आणि ती हॉलमध्ये जमिनीवर ठेवली. दोन बोटं शेजारी शेजारी बुडवून हलवली. पाण्यावर गोल लाटा निघाल्या, एकमेकींत शिरल्या, आणि मध्ये मध्ये पाणी शांत राहिलेल्या रेघा दिसल्या. मामी खाली वाकून बघत होती.

"म्हणजे मी त्या शांत रेघेत बसते?" ती म्हणाली.

"हो."

"आणि बोटं अशी आडवी नाय, एकावर एक धरली तर?"

मला दुकानातला माझाच प्रश्न आठवला. स्पीकर उभा केला, तर दोन पडदे एकाखाली एक येतील, मी म्हणाले. मग डावीकडे बसा, उजवीकडे बसा, दोन्ही सारख्याच अंतरावर. ती शांत रेघ वर छताकडे जाईल आणि खाली फरशीकडे. तिथे कुणी बसत नाही.

मामा म्हणाला, "उभा केला तर टीव्हीच्या पुढे येईल."

"शोकेसवर ठेवला तर येईल. शोकेसच काढली तर?" मी म्हणाले.

शोकेसमध्ये मामाच्या जहाजांची छोटी मॉडेल्स होती आणि न वापरलेला एक टी-सेट. मामा थोडा वेळ त्यांच्याकडे बघत उभा राहिला. मग त्याने एकेक जहाज उचलून कपाटावर ठेवायला सुरुवात केली.

शोकेस बेडरूममध्ये गेली. टीव्ही भिंतीवरच टांगलेला होता, त्याच्याखाली मोकळी जागा झाली. पण नुसत्या फरशीवर ठेवायला मामाचं मन होईना. मामीने आतून पाट आणला, सणाला पाहुण्यांना जेवायला बसवतात तो. त्यावर स्पीकर उभा राहिला. पुढच्या बाजूखाली मी पुठ्ठ्याची घडी सारली, तोंड किंचित वर, बसणाऱ्यांच्या कानांकडे व्हावं म्हणून. वरचं टोक टीव्हीच्या कडेच्या जेमतेम खाली राहिलं.

"पाटावर बसवलाय," मामी म्हणाली. "कुंकू आधीच लागलंय."

मी तेच नाटक पुन्हा सुरुवातीपासून लावलं. मामी स्टुलावर, मामा सोफ्यावर आपल्या जागी. मला कुठे बसावं कळेना म्हणून मी दाराजवळ उभी राहिले. आपण चुकलो असू, हे मनात होतंच. परातीतल्या लाटा वेगळ्या, घरातल्या वेगळ्या. भिंती आहेत, पंखा आहे, खालून रिक्षा जातायत.

नाटकात जावई दाढीचं बोलला. ते आम्हाला माहीत होतं, त्यामुळे त्यावरून काही ठरत नव्हतं. मी पुढे बघत होते. सासरे आत येतात. जावई तोंडाला साबण लावून बाहेर येतो आणि काहीतरी पुटपुटतो, प्रेक्षकांकडे तोंड करून, अगदी खालच्या आवाजात.

मामी हसली. तोंडावर मेथीचा हात धरून, मामाच्या आधी, माझ्याही आधी. मग थांबून तिने माझ्याकडे बघितलं. आपण काय केलं, हे तिच्या तेव्हाच लक्षात आलं असावं.

"ऐकू आलं," ती म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं.

मामाने टीव्ही थांबवला नाही. थोड्या वेळाने पडद्याकडेच बघत तो म्हणाला, "शनिवारचा नंबर लावत नाही मग."

"लावा की," मामी म्हणाली. "पण दोन लावा. इंजिनरूममध्ये मी नव्हते, तुम्ही होता."

मी निघताना चपला घालत होते, तेव्हा मामा फोनवर कुणालातरी सांगत होता, "हो, दोघांचं. आधी माझं."